कार्पेटवर पाणी ओतायच्या आधी एवढं वाचा

घरात पहिल्यांदा कार्पेट आलं की नव्याचे नऊ दिवस आपण त्यावर कप घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघतो, आणि मग एक दिवस कोणीतरी सांडतंच (बऱ्याचदा आपणच), आणि मग घाबरून हाताला लागेल ते घेऊन घासायला सुटतो. माझं हुबेहूब असंच झालेलं. पहिलंच कार्पेट होतं, कॉफी सांडली, मी कपड्यांची पावडर बादलीभर गरम पाण्यात कालवली, ओतली आणि कडक ब्रशने खसाखसा घासलं. चार दिवस ते वाळलं नाही. घरभर ओल्या कुत्र्यासारखा वास, आणि वाळल्यावर बघतो तर वाटीएवढ्या डागाच्या जागी परातीएवढा तपकिरी नकाशा उमटलेला. वर महिन्याभरात तोच भाग बाकीच्या कार्पेटपेक्षा काळा पडला, कारण आत राहिलेला साबण चिकट असतो आणि तो येणाऱ्या जाणाऱ्या पायांची धूळ धरून ठेवतो. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आधी कोरडं काम, ओलं काम अगदी शेवटी आणि तेही कमीत कमी पाण्यात. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

पायरी १: आधी ते कशाचं आहे ते बघा

हे कंटाळवाणं वाटतं पण इथेच निम्म्या चुका टळतात. कार्पेट उलटं करा, मागे लेबल असतं, त्यावर धागा कुठला ते लिहिलेलं असतं. लेबल निघून गेलं असेल तर मागच्या बाजूने, कडेच्या कोपऱ्यातून एक बारीकसा धागा कापा, चिमट्यात धरा आणि सिंकवर उभं राहून पेटवून बघा (कार्पेटवर बसून नको, हे सांगायची गरज नाही असं मला आधी वाटायचं). केस जळल्यासारखा वास आला, आग आपोआप विझली आणि राख बोटांत चुरडली गेली तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मण्यासारखा गोळा झाला तर नायलॉन, पॉलिस्टर, पॉलिप्रॉपिलीन यांपैकी काहीतरी. कागदासारखं भुरभुर जळलं तर सुती, ज्यूट किंवा व्हिस्कोस.

व्हिस्कोसपासून सावध राहा. ते रेशमासारखं चमकतं, आर्ट सिल्क, बांबू सिल्क अशा नावांनी मिळतं आणि पाण्याचं त्याला अजिबात जमत नाही. ओलं झालं की धागा कमजोर होतो, त्याची लव बसते ती परत उठत नाही आणि वाळताना पिवळट कडा पडतात. साधं पाणी सांडलं तरी डाग राहू शकतो. असं कार्पेट असेल तर घरी फक्त कोरडी सफाई करा, सांडलंच तर टिपून घ्या, बाकीचं जाणकार माणसावर सोडा. ज्यूट आणि सिसलचं (घायपाताच्या पानांचा धागा) पण साधारण असंच, पाण्याचे डाग पडतात.

लोकर मात्र समजूतदार असते, तिच्या धाग्यावर नैसर्गिक मेणचटपणा असतो म्हणून सांडलेलं लगेच आत शिरत नाही, तुम्हाला एखादं मिनिट मिळतं. पण ती केसांसारखीच प्रोटीनची बनलेली आहे. क्लोरीनवालं ब्लीच तिला अक्षरशः विरघळवतं, आणि कपडे धुवायची पावडर, सोडा असल्या अल्कलीने ती खरखरीत होते. नायलॉन, पॉलिस्टर वगैरे सिंथेटिक धागे पाण्याला घाबरत नाहीत, फक्त पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन तेल पकडून ठेवतात, त्यामुळे पायाचे तेलकट डाग त्यांच्यावर लवकर दिसतात.

अजून एक टेस्ट, ही तर कधीच चुकवू नका. पांढरा सुती कपडा ओलसर करून एका लपलेल्या कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. कपड्याला रंग आला तर घरी काहीही ओलं करू नका. कुठलंही नवीन लिक्विड आणलं तरी आधी याच कोपऱ्यावर, वाळेपर्यंत थांबून.

पायरी २: धूळ, म्हणजे खरं काम

डाग दिसतात म्हणून आपण डागांच्या हात धुवून मागे लागतो, पण कार्पेटची वाट लावते ती न दिसणारी रेती. बुटांबरोबर आलेले वाळूचे बारीक कण लवेतून खाली घसरत जातात आणि तळाशी जाऊन बसतात, त्यांच्या कडा धारदार असतात आणि आपण वरून चाललो की प्रत्येक पावलाला ते धाग्याच्या मुळाशी घासतात. दरवाज्यापासून सोफ्यापर्यंत जो मळकट पट्टा दिसतो ना, तो नेहमी मळच असतो असं नाही, बऱ्याचदा धागे घासून निस्तेज झालेले असतात आणि मग तो कितीही धुतला तरी उजळत नाही. म्हणून धूळ आत जायच्या आधीच काढायची.

सगळ्यात स्वस्त उपाय दारातच आहे. बाहेर एक खरखरीत पायपुसणं, आत एक पाणी शोषणारं, आणि चपला बूट कार्पेटच्या अलीकडे. पण अनवाणी पण फिरू नका जास्त, पायाचं तेल लागतं, मोजे बरे. (हे घरच्यांना पटवणं वेगळी पायरी आहे, ती मला अजून जमलेली नाही.)

व्हॅक्यूम क्लिनर असेल तर आठवड्यातून एकदा सगळीकडे, आणि जिथून सतत ये-जा असते तिथे दोनदा. आणि सावकाश! लोक झाडू मारल्यासारखं सटासट फिरवतात, त्याने फक्त वरचे केस आणि चुरा निघतो. एक पट्टा पुढे हळू, मागे त्याहून हळू, चार पाच वेळा, मग त्याच जागेवरून आडवं. पिशवी किंवा डबा अर्ध्याच्या वर भरला की ओढ कमी होते, तेव्हा पूर्ण भरायची वाट बघू नका. फिरत्या ब्रशचं तोंड असेल तर ते आखूड कापलेल्या लवेसाठी चांगलं आहे, पण वेटोळ्यांची वीण, लांब केसाळ कार्पेट आणि कडेचे गोंडे यांच्यावर ब्रश बंद करून फक्त हवेने ओढा, नाहीतर एक वेटोळं अडकतं आणि सरसर करत अख्खी ओळ उसवते. गोंडे तर हाताने झटकलेलेच बरे. रोबोटवाल्यांना सूचना, तो वरवरची धूळ रोज उचलतो म्हणून उपयोगाचा आहे, पण खोलवरचं काम त्याच्याकडून होत नाही आणि गोंडे तो आनंदाने खातो.

उचलता येण्यासारखं कार्पेट असेल तर ही युक्ती नक्की करून बघा: खाली जुनी चादर अंथरा, कार्पेट पालथं घाला आणि पाठीवरून व्हॅक्यूम फिरवा किंवा तळहाताने थोपटत जा. तळाशी बसलेली रेती सैल होऊन खाली पडते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चादरीवर जे पडलं ते बघून दर आठवड्याला व्हॅक्यूम करण्याचा माझा सगळा अभिमान उतरला. जोपर्यंत रेती पडतेय तोपर्यंत उलट सुलट करत राहा. व्हॅक्यूम नसेल तर हाताने विणलेलं मजबूत कार्पेट दोरीवर टाकून काठीने झोडपता येतं, पण मागे रबरासारखा थर चिकटवलेलं मशिनचं कार्पेट झोडपू किंवा दुमडू नका, तो थर तडकतो आणि भुगा गळायला लागतो.

पाळीव प्राण्याचे केस व्हॅक्यूमला दाद देत नाहीत. रबरी हातमोजा किंवा फरशी पुसायच्या वायपरची रबरी पट्टी एकाच दिशेने ओढा, केस गोळा होऊन येतात.

आणि घरात कोणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर हे काम त्यांनी करू नये, चालू असताना त्या खोलीत थांबूही नये. हेपा फिल्टर असलेलं मशिन बरं, कारण तो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, साधं मशिन समोरून ओढलेली बारीक धूळ मागून परत हवेत सोडतं.

पायरी ३: सांडलं, आता काय

पहिली गोष्ट, घासायचं नाही. टिपायचं. घासल्याने डाग पसरतो, आत ढकलला जातो आणि धागे पिंजारतात, मग डाग गेला तरी ती जागा कायम वेगळी दिसते.

घट्ट पदार्थ असेल तर चमच्याने कडेकडून मध्यभागी असा उचलून घ्या. पातळ असेल तर पांढरा कपडा किंवा टिशूची जाड घडी ठेवून दाबा, गरज पडली तर त्यावर उभे राहा, खरंच, अंगाच्या वजनाने जेवढं निघतं तेवढं हाताने निघत नाही. घडी बदला, परत दाबा, कोरडी येईपर्यंत. रंगीत नॅपकिन नको, त्याचाच रंग लागायचा.

मग थोडं साधं गार पाणी शिंपडा, परत टिपा. बरेचसे डाग इथेच संपतात आणि लोक उगाच पुढे जातात. राहिलाच तर एक कप, म्हणजे साधारण २५० मिलि पाण्यात भांडी घासायचं लिक्विड पाव चमचा, बस, पाव चमचा. फेस काढायचा नाहीये आपल्याला. कपड्याला लावून डागाच्या बाहेरून आत टिपत या. त्यानंतर साध्या पाण्याने दोन तीनदा टिपून साबण बाहेर काढा, हाच टप्पा सगळे विसरतात आणि मग माझ्यासारखा काळा ठिपका मिळतो.

शेवटी कोरड्या टिशूची जाड गादी, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर. हे कशासाठी तर डाग परत येऊ नये म्हणून. खाली मुरलेलं पातळ द्रव्य कार्पेट वाळताना धाग्यांतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, आणि टोकाला येऊन वाळतं, म्हणून संध्याकाळी साफ झालेला डाग सकाळी पुन्हा हसत असतो. वर टिशू असली की ते टिशूत चढतं.

आता डागांप्रमाणे थोडा फरक:

चहा, कॉफी, फळांचा रस यांना वरच्या साबणपाण्यानंतर पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी दोन भाग असं टिपा, मग साधं पाणी. दूध असलेली कॉफी असेल तर साबणाचा टप्पा नीट करा, नाहीतर दूध आत आंबून वास मारतं.

रक्ताला गारच पाणी. गरम पाण्याने त्यातलं प्रोटीन घट्ट होऊन धाग्याला धरतं. फिकट सिंथेटिक कार्पेट असेल तर औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कोपऱ्यावर टेस्ट करून थेंब थेंब वापरता येतं, पण गडद रंगावर आणि लोकरीवर नको, ते रंग उडवतं.

तेल, तूप, लोणी यावर आधी पाणी नकोच. कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर भुरभुरवून काही तास ठेवा, तेल शोषलं की व्हॅक्यूम करा, लागलं तर परत एकदा, आणि मगच साबणपाणी.

बॉलपेनच्या शाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कपड्यावर घेऊन टिपायचं, सरळ कार्पेटवर ओतायचं नाही कारण आत गेलं तर मागचा चिकटवलेला थर सुटू शकतो. आणि ते पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको.

च्युइंगमला पिशवीत बर्फ घालून वर ठेवा, कडक झालं की तुकडे पाडून काढा. मेणबत्तीचं मेण वाळू द्या, खरवडा, मग वर साधा जाड कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागदात येतं. सिंथेटिक धागा वितळतो म्हणून इस्त्री अगदी कमीवर आणि कागदाशिवाय नाहीच.

चिखल? काहीही करू नका. खरंच. पूर्ण वाळू द्या, मग चुरा करून व्हॅक्यूम. ओल्या चिखलाला हात लावला की संपलं.

पायरी ४: वास

कार्पेटला कुबट वास येत असेल तर आधी विचारा की ओल कुठून येतेय. खाली गळतंय का, फरशी दमट आहे का, मागच्या वेळी नीट वाळलं नव्हतं का. ओल राहिली तर वर कितीही सुगंधी स्प्रे मारा, दोन तासांनी कुबट अधिक गुलाब असा वास येतो.

साधा शिळा वास असेल तर खायचा सोडा उपयोगी आहे, तो आंबूस वास बऱ्यापैकी मारतो. कार्पेट पूर्ण कोरडं असताना पातळ थर भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी सावकाश व्हॅक्यूम. दर आठवड्याला करू नका मात्र, ही पावडर इतकी बारीक असते की थोडी तळाशी राहतेच आणि मशिनचा फिल्टर पण चोंदतो. लोकरीवर घातलात तर ओल अजिबात नको. आणि ते सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफसवायचे व्हिडिओ बघितले असतील, ते दिसायला मस्त असतं पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरतं ते किंचित खारट पाणी, कार्पेटमध्ये.

कुत्र्या मांजराची शी-शू हा वेगळा विषय. ताजं असताना वजन देऊन जितकं टिपता येईल तितकं टिपा. लघवीतलं यूरिक ॲसिड पाण्यात सहज विरघळत नाही, त्याचे स्फटिक आत राहतात आणि हवा दमट झाली की वास परत उठतो. त्यासाठी एन्झाइमवालं क्लिनर घ्या, ते लघवी जितकी खोल गेली असेल तितकं खोल पोचेल असं ओता (हा एकच अपवाद, इथे कंजुषी चालत नाही) आणि लेबलवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्या. लोकरीचं कार्पेट असेल तर लोकरीला चालतं असं लिहिलेलंच घ्या, कारण प्रोटीन खाणारं एन्झाइम लोकर पण खातं. अमोनियावालं क्लिनर इथे नको, त्याचा वास लघवीसारखा असतो, प्राणी पुन्हा तिथेच येतो.

पायरी ५: पूर्ण धुणं

वर्ष दीड वर्षातून एकदा पुरतं, जास्त वापर असेल तर थोडं आधी. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या सिंथेटिक कार्पेटसाठी गरम पाणी फवारून लगेच ओढून घेणारं मशिन असतं, लोक त्याला स्टीम म्हणतात पण त्यात वाफ नसते, गरम पाणीच असतं. भाड्याने मिळतं, पण घरगुती आणि भाड्याच्या मशिनची ओढ कमी असते, म्हणून पाणी सोडत एकदा फिरवलंत तर पाणी बंद करून तीनदा फिरवा. शॅम्पू बाटलीवर लिहिलाय त्यापेक्षा कमीच घाला. आणि हे सगळं पूर्ण व्हॅक्यूम झाल्यावर, नाहीतर धुळीचा चिखल करून तुम्ही तो आत भरताय.

वाळवणं धुण्यापेक्षा महत्त्वाचं. ओलं कार्पेट २४ ते ४८ तासांच्या आत पूर्ण वाळलं नाही तर बुरशी धरू शकते, म्हणून कोरड्या दिवशी सकाळी सुरू करा, पंखे जमिनीजवळ लावा, खिडक्या उघडा, फर्निचर परत ठेवायची घाई नको. लाकडी आणि लोखंडी पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे ठेवा, नाहीतर पॉलिश किंवा गंज उतरतो. वर हात लावून कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही, कोपरा उचलून पाठ बघा.

हाताने विणलेलं, जुनं, रेशमी, व्हिस्कोस किंवा रंग सोडणारं काहीही घरी धुवू नका. ज्याच्याकडे देणार त्याला विचारा की धुवायच्या आधी धूळ कशी काढतो, रंगाची टेस्ट करतो का, वाळायला किती वेळ लागतो. धागा कुठला आहे हेही न विचारता सगळ्यांना एकच रेट आणि एकच पद्धत सांगणाऱ्याकडे मी देत नाही.

कसर, खड्डे आणि बाकी किरकोळ

लोकरीला कसर लागते आणि ती अंधारात, सोफ्याखाली, कपाटामागे, जिथे कोणी हात घालत नाही तिथे. खाणारी अळी असते, उडणारा पतंग नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा फर्निचर सरकवून तिथे व्हॅक्यूम करा, पाठ पण बघा. टक्कल पडल्यासारखे चट्टे, जाळीदार नळकांडी किंवा वाळूसारखी विष्ठा दिसली तर पूर्ण खोली साफ करा आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. लहान कार्पेट असेल तर पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर किमान दोन आठवडे ठेवा. डांबरगोळ्या मी वापरत नाही, उघड्या खोलीत त्यांचा फारसा परिणाम होत नाही, वाफ माणसाच्या तब्येतीला वाईट आणि वास वर्षभर जात नाही.

धुळीतले माइट्स (अगदी बारीक जीव) डोळ्यांना दिसत नाहीत, चावत पण नाहीत, पण त्यांच्या विष्ठेने ॲलर्जी होते. त्यांना दमट हवा लागते, घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर त्यांचं जमत नाही.

दर सहा महिन्यांनी कार्पेट अर्धं गोल फिरवा, म्हणजे ऊन आणि पाऊलवाट दोन्ही बाजूंना वाटली जाते. फर्निचरच्या पायांचे खड्डे पडले असतील तर त्यात बर्फाचा तुकडा ठेवा, वितळला की पाणी टिपून चमच्याच्या कडेने लव उचला (व्हिस्कोसवर नाही!). धागा वर आला तर ओढू नका, कात्रीने लवेच्या उंचीला कापा. नवीन लोकरीचं कार्पेट काही महिने केस सोडतं, ते नॉर्मल आहे, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

ठेवून द्यायचं असेल तर साफ करून, पूर्ण वाळवून, घडी न घालता गुंडाळा आणि सुती चादरीत बांधा. प्लॅस्टिकमध्ये नको, आत दमट होतं. आणि बांधायच्या आधी चिठ्ठीवर धागा कुठला आहे ते लिहून आत टाका, दोन वर्षांनी उघडाल तेव्हा परत धागा जाळत बसावं लागणार नाही.